बंडू कंपाउंडरचं काही जमत नाही

मी आजकाल भाजी घ्यायला जात नाही, बायको जाते. मी गेलो की मेथीवाली, तिच्या शेजारचा कांदेवाला अन् पिशवी धरून उभा असलेला एखादा रिटायर्ड तलाठी, सगळ्यांचा एकच प्रश्न. "काका, शालूले परत आणून बंडूशी जमवता का नाही? लय ताणून राहिले तुमी!" अरे बाप्पा, मेथी कशी दिली ते सांग ना. तुले काय करायचं बंडूचं?

मी वामनराव. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत खिडकीमागे बसून औषधं वाटली. रिटायर झालो अन् तिसऱ्याच महिन्यात घर खायला उठलं, म्हणून ही उठाठेव सुरू केली. 'पिवळी गोळी' तिचं नाव. एका खेड्यातल्या दवाखान्याची वऱ्हाडी बोलीतली विनोदी मालिका, मोबाईलवर दिसते, दर शुक्रवारी पंधरा मिनिटं. अमरावतीहून बडनेऱ्याला जाताना रस्त्यात एका डॉक्टरचं बंद पडलेलं प्रसूतिगृह आहे. तो लेकाकडे नागपूरला गेला अन् किल्ली माझ्याकडे ठेवून गेला. तिथे दर रविवारी आमचं शूटिंग चालतं. मोठ्या डॉक्टरचं काम मीच करतो, कारण कोट माझ्याच अंगाला बसला.

सुरुवातीला मला वाटायचं लोक रोग्यांसाठी बघतात. कोणी विंचू चावला म्हणून येतो न् म्हशीचं औषध मागतो, असले प्रसंग. लोक त्याला हसतात, पण बघत राहतात ते वेगळ्याच गोष्टीसाठी. दवाखान्यात कोणाचं कोणाशी जमतं, हे त्यांना पाहिजे असतं. पहिल्या वर्षी मी येड्या बह्याडासारखं लॅबवाल्याचं न् केसपेपर काढणारीचं लग्न लावून टाकलं, विसाव्या भागात, बँड लावून. पुढच्या शुक्रवारी बघणारे निम्मे. लोकांनी अक्षता टाकल्या अन् घरी गेले! तेव्हापासून कानाला खडा. बंडू कंपाउंडरचं अन् शालू नर्सचं जमू द्यायचं नाही, मग आभाळ कोसळो. मोठ्या डॉक्टरचं न् आयाबाईचंही जुनं काहीतरी होतं, असं आम्ही अधूनमधून सुचवतो. आयाबाई म्हणजे आमच्या पंचफुलाबाई. तो भाग आला की माझी बायको आठवडाभर मोजकंच बोलते.

आता आमची पद्धत सांगतो, कारण सगळं तिथेच बिघडलं. आमच्याकडे लिहिलेली वाक्यं नसतात. मी एकेकाला बाजूला घेऊन त्याच्यापुरता प्रसंग कानात सांगतो. बंडूला काय सांगितलं ते शालूला माहीत नसतं, शालूचं बंडूला नसतं. त्यामुळे दचकणारा खरंच दचकतो, हसू येतं ते खरं येतं. गोपाल म्हणून एक आहे, लग्नाचे फोटो काढायचा स्टुडिओ आहे त्याचा, तो कॅमेरा धरतो अन् मी सांगेपर्यंत थांबवत नाही. नियम एकच. शूटिंगमधलं शूटिंगमध्येच सोडायचं. 'ते तू मनानं बोलला का काकांनी सांगतलं', असं बाहेर एकमेकांना विचारायचं नाही. विचारायचंच असेल तर मला विचारायचं. या युक्तीचा मला फार अभिमान होता.

बंडू म्हणजे नितेश अंभोरे. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतला. बाप रेल्वेत ट्रॅकमन होता, रिटायरमेंटच्या आदल्या वर्षी वारला. आई मायाबाई. नितेश अमरावतीच्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढतो. दिवसाला चाळीस-पन्नास माणसं त्याच्यासमोर छाती उघडी टाकून उभी राहतात, अन् हा पोट्टा प्रत्येकाला 'थंडी वाजते का' असं विचारतो. मी स्वतः खोकल्यासाठी गेलो होतो तेव्हा पाहिलं. तिथेच मी त्याला म्हटलं, अबे, तू आमच्यात ये. तो म्हणे, मले काही येत नाही काका. खरंच येत नव्हतं. त्याला खोटं बोलताच यायचं नाही, अन् तेच लोकांना आवडलं.

शूटिंग संपलं की तो मला हमखास घरी जेवायला नेई. मायाबाईंच्या हातचं वांग्याचं भरीत अन् कळण्याची भाकर मी किती रविवार खाल्ली, त्याचा हिशेब नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली नितेशच्या बापाचा, अन् मी बरोबर त्याच्यासमोरच्या पाटावर. मायाबाई मला भाऊ म्हणत. दिवाळीनंतरच्या बिजेला एकदा त्यांनी मला ओवाळलं होतं.

शालू म्हणजे आचल. अकोल्याची, तिथे एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. बाप झेडपीच्या शाळेत हेडमास्तर, सोळा एकर वावर, आमच्याच समाजातले, माझ्या साळ्याच्या नात्यातले. पोरीला नाटकाची हौस, पण बाप सोडेना. शेवटी म्हणाला, "वामनराव, तुमच्या भरोशावर पाठवून राहिलो." मी छाती ठोकून म्हटलं, काही काळजी करू नका. असल्या वेळी माणसाची जीभ फार लवकर चालते.

आचल दर रविवारी अकोल्याहून गाडीनं बडनेऱ्याला उतरे अन् नितेश तिला मोटरसायकलवर घेऊन येई. शूटिंग अकराला. आधी ती दहाच्या गाडीनं यायची. मग नऊच्या यायला लागली. मग आठच्या. स्टेशनबाहेरच्या बाकावर बसून दोघं मायाबाईंनी दिलेला डबा खात. पंचफुलाबाई तिकडूनच येत, त्यांनी पाहिलं न् मला सांगितलं. "वामनराव, तुमच्या सीरियलीचं बाहेरच चालू हाय," म्हणाल्या. मी हसण्यावारी नेलं. शालू अन् बंडूचे प्रसंग तेव्हा इतके छान होत होते की मला हसू येणारच. एकदा मी तिला एवढंच सांगितलं होतं, बंडूचं बीपी मोज. तिनं पट्टा बांधला, आकडा पाहिला न् म्हणे, "एकशे साठ? सकाळी तं बरा होता तू. मी दूर जाऊन मोजू का?" नितेशचे कान लाल झाले. ते काही मी सांगितलं नव्हतं. तो भाग लोकांनी एकमेकांना इतका पाठवला की माझ्या पुतण्यानं तो मला दुबईहून पाठवला.

पण ह्या दोघांनी बाहेर एकमेकांना काही म्हटलं असेल तर शपथ! नितेश घाबरायचा. म्हणायचा, "काका, बोललो न् तिनं येनंच बंद केलं तं?" पोरगी आमच्या समाजातली, तो बौद्ध. पाचशे लोकांत हातात हात धरून नाचा, कॅमेरा चालू आहे तोवर कोणाचं काही म्हणणं नाही. कॅमेरा बंद झाला की मग बघा. हे त्याला मी सांगायची गरज नव्हती.

तो मार्च महिना होता. आचलला बघायला पाहुणे येणार असं ठरलं. मुलगा अकोल्याचाच, जठारपेठेत दुकान, इलेक्ट्रिकच्या सामानाचं. बुधवारी पाहुणे अन् त्याच्या आधीचा रविवार आमचा. सकाळी नितेश माझ्याकडे आला. दाढी केलेली, नवा शर्ट. म्हणाला, "काका, आज मले काही सांगू नका. आज मी माह्या मनानं बोलतो. तिलेबी काही सांगू नका. बाहेर बोलाची हिंमत होत नाही, शालूले बोलतो. तिले समजंन."

मी म्हटलं, बोल बाप्पा. खरं सांगतो, त्या घडीला मला आनंदच झाला होता.

प्रसंग औषधाच्या खिडकीचा होता. आत बंडू, बाहेर शालू, तिच्या हातात यादी. तिनं गोळ्या मागितल्या. ह्यानं दिल्या नाहीत. म्हणाला, "शालू, बुधवारी तुयाकडे पावने येऊन राहिले म्हणते."

मालिकेत शालूकडे कोणी पाहुणे येणार नव्हते. आचलनं यादी खाली ठेवली.

"येऊन राहिले," ती म्हणाली.

"मले नाही चालत ते," नितेश म्हणाला. आवाज कापत होता त्याचा. "माह्यापाशी दुकान नाही, वावर नाही. एक आई हाय अन् नोकरी हाय. तू हो म्हण, मंग मी कोणालेबी विचारतो. तू नाही म्हणशील तं आज संध्याकाळपासून तुले तरास देणार नाही."

गोपालनं कॅमेरा हलू दिला नाही, एवढा मात्र पक्का माणूस. तिनं दोन्ही हात खिडकीच्या कठड्यावर टेकले. मग म्हणाली, "एवढे दिवस काय करून राहिला होता रे? बुधवारच्या आधी ये घरी. बाबाले विचार. ते नाहीच म्हणतीन. तरी तू विचार. पुढचं मी पाह्यतो."

अकोल्याच्या मोठ्या लॅबमध्ये काम करणारी पोरगी, एरवी जपून बोलायची, पण त्या वेळी तिच्या आजीची बोली, बाईनंही 'मी पाह्यतो' म्हणायची, तिच्या तोंडात आली. मी थांबवलं. पंचफुलाबाईंनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या. नितेशला तिथे उभं राहवेना. तो तोंड धुवायला मागच्या नळावर गेला.

आचल सरळ माझ्याजवळ आली. डोळे भरलेले, पण हसत होती. नियमाप्रमाणे तिनं मलाच विचारलं. "काका, हे तुमी सांगतलं होतं का त्याले?"

आता बघा, मला 'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द. पण त्याच आठवड्यात तिच्या बापाचा फोन येऊन गेला होता. "पावने चांगले हायेत वामनराव, पोरीच्या मनात दुसरं काही नाही ना? तुमीच पाहून राहिले दर रविवारी." मी म्हटलं होतं, छे छे. आणि मला दिसलं की हा पोट्टा त्याच्या दारात जाईल, बाप विचारील कोणी जमवलं, अन् सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत माझं नाव निघेल. मालिका बंद पडेल हेही आलं मनात. पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की मालिकेसाठीच केलं. खोटं आहे ते. मालिका गेली खड्ड्यात. त्या पोराचं भरीत मला चालत होतं, त्यानं आमची पोरगी मागितलेली मला चालली नाही. आता म्हणा मला काय म्हणायचं ते.

मी म्हटलं, "हो. मीच सांगितलं."

तिचं हसू गेलं नाही लगेच. ते तसंच चेहऱ्यावर राहिलं, नुसतं. "मले वाटलंच," म्हणाली. मग दुपट्ट्यानं डोळे पुसून म्हणे, "मंग माझं चुकलं काका. शालू हो म्हनली तं सीरियल संपन ना. परत घेऊ."

अन् मी परत घेतलं! नितेश ओल्या तोंडानं आला, त्याला वाटलं आवाजात काही गडबड झाली असेल. तो पुन्हा तेच बोलला, पहिल्यापेक्षा धीट होऊन, कारण उत्तर त्याला मिळालेलं होतं. "एक आई हाय अन् नोकरी हाय." आचल त्याच्याकडे बघत म्हणाली, "नाही बंडू. गोळ्या दे. बाहेर रोगी उभे हायेत."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या दिवशी ती नितेशच्या गाडीवर न बसता पंचफुलाबाईंच्या ऑटोत स्टेशनला गेली. नितेश माझ्याजवळ आला अन् काही न विचारता मोटरसायकलचा आरसा पुसत बसला. मी म्हटलं, चल, जेवू. तो म्हणे, आज आईची तब्येत बरी नाही काका.

बुधवारी पाहुणे आले, पसंती झाली, वैशाखात लग्न लागलं. आम्ही सगळे अकोल्याला गेलो. नितेशही आला. लोकांनी त्याला ओळखलं अन् त्याच्यासोबत फोटो काढायला ही गर्दी! एक म्हातारी म्हणे, "अरे बंडू, तुई शालू तं गेली रे दुसऱ्याची!" सगळा मांडव हसला. नितेशही हसला. पंगतीत माझ्या शेजारी बसून तो बुंदी नीट जेवला, पानात काही टाकलं नाही. नवरदेव बरा मुलगा होता, त्यानंही फोटो काढून घेतला. आचलनं दोघांना नमस्कार केला, आधी मला, मग त्याला.

'नाही बंडू' हा आमचा सगळ्यात जास्त बघितलेला भाग. खाली हजारो लोकांनी रडणारे चेहरे टाकले. काहींनी लिहिलं, काका तुम्ही लेखक आहात का कसाई. बरोबरच लिहिलं. मी शालूची बदली मेळघाटात केली अन् दुसरी नर्स आणली. बंडू तिच्याकडे बघत नाही, असं दाखवलं. त्यासाठी नितेशला मला काही सांगावं लागलं नाही.

दोन वर्षं गेली. नितेश चौतिशीला आला. मायाबाई एकामागून एक मुली सुचवत अन् हा नुसता टाळे. घरी जेवायला नेणं त्यानं त्या मार्चपासून सोडलं होतं. मीही विचारलं नाही. विचारायला तोंड पाहिजे ना.

गेल्या महिन्यात मायाबाईंचाच फोन आला. "भाऊ, तुमी आले नाही किती दिवसाचे. यवतमाळची एक पोरगी हाय, शिकेल हाय, चांगली हाय. हा पाहालेच नाही म्हणते. तुमचं ऐकते तो. येऊन समजावा एकडाव." मला नाही म्हणता आलं नाही. एका दुपारी गेलो. जय भीम म्हटलं. तोच पाट, समोर तोच फोटो. जेवण झालं, मायाबाई भांडी घेऊन मागच्या अंगणात गेल्या. नितेश अन् मी समोरासमोर.

मी ठरवून गेलो होतो मुलीचं बोलायचं. पण तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, "नितेश, त्या दिवशी आचलनं मला विचारलं होतं. हे तुमी सांगितलं का म्हणून. मी हो म्हटलं. तिचं पहिलं उत्तरच खरं होतं रे. मी मारलं ते."

मला वाटलं तो उठून मला बाहेर काढेल. काढलं असतं तर बरं झालं असतं. तो सुपारी कातरत होता, कातरत राहिला.

"मले माहीत हाय काका," म्हणाला. "त्याच दिवशी संध्याकाळी तिनं फोन केला होता. म्हणे नियम मोडून राहिली, पण एक डाव सांग. ते तू मनानं बोलला होता का, का काकांनी सांगतलं होतं? काका तं हो म्हणतात."

"मग? तू काय म्हटलं?"

"मी म्हनलं, काका कायले खोटं बोलतीन. त्यांनीच सांगतलं होतं." त्यानं अडकित्ता खाली ठेवला. "'बरं' म्हनली मंग. फोन चालूच होता बराच वेळ."

"अबे पण काऊन? कशाले असं केलं तू?"

तो माझ्यावर रागावला नव्हता, हेच मला सहन होत नव्हतं. एखाद्या पेशंटला सांगावं तसं तो मला समजावून सांगत होता. "मी विचार केला काका. ह्या माणसाले आई ओवाळते. हा आमच्या ताटात जेवते, मले पोरगा म्हणते. ह्यालेच नाही चालून राहिलं. मंग तिच्या बापाच्या दारात मी कोन्या तोंडानं जाऊ? तो तं मले वळखतबी नाही. तिले घेऊन कुठी जाऊ, कोनाच्या भरोशावर जाऊ? तुमाले चाललं असतं ना काका, तं बापानं मारलं असतं तरी गेलो असतो."

"दोन वर्षं तू मला काही बोलला नाहीस."

"तुमी कवा सांगता, ते पाहून राहिलो होतो."

मी रडलो. म्हाताऱ्या माणसानं रडणं दिसायला बरं नसतं, पण रडलो. त्यानं उठून मला पाणी दिलं. तेवढ्यात मायाबाई पदराला हात पुसत आत आल्या. माझे डोळे पाहून थबकल्या, मग लेकाकडे बघून म्हणाल्या, "काय झालं? समजावलं का भाऊ त्याले?"

"समजावलं आई," नितेश म्हणाला. "त्या यवतमाळवाल्याइले सांग, रविवारी येतो पाहाले. हो म्हणून टाकू."

मायाबाईंना काही सुचेना. त्या आत पळाल्या, साखरेचा डबा घेऊन आल्या, अन् देवाला वाहावं तशी पहिली चिमूट माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "भाऊ, दोन वर्षं मी डोकं फोडून राहिली. तुमच्या एका शब्दानं झालं." नितेश माझ्याकडे बघत होता. मी ती साखर खाल्ली.